किती आणि का

एक्मोवर असलेल्या माणसाचं रक्त जाड नळीतून बाहेर येतं, यंत्रात त्याला ऑक्सिजन मिळतो आणि ते परत शरीरात जातं. फुप्फुसांचं, कधी हृदयाचंही काम यंत्र करतं. पचनाचं काम मात्र त्याला जमत नाही. म्हणून आयसीयूबाहेरचे नातेवाईक हमखास विचारतात, "पोटात काही गेलं का?"

कामठीहून नागपूरच्या दवाखान्यांत डबे घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत. आत पेशंटला नाकातल्या नळीतून तासाला जेमतेम २० मिलिलिटर फीड चालू असतं. घरच्यांना वाटतं, आपलं माणूस उपाशी आहे. आजाऱ्याला पेज भरवणं हीच सेवा, असं आपण लहानपणापासून बघत आलोय.

पण शरीराचा हिशोब वेगळा असतो. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांनी आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. अशा आतड्यांवर पूर्ण जेवणाचा भार टाकला, तर क्वचित त्यांना इजाही होते. शिवाय गुंगीसाठी दिलं जाणारं प्रोपोफॉल तेलात मिसळलेलं असतं. त्याच्या दर मिलिलिटरमधून सुमारे १.१ कॅलरी जातात, त्याही मोजाव्या लागतात. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या, शॉकमधल्या ३,०४४ रुग्णांवर झालेला न्यूट्रिरिया-३ हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आठवड्यात काहींना दर किलो वजनामागे रोज ६ कॅलरी दिल्या, काहींना २५. ९० दिवसांतल्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. उलट कमी खाल्लेले आयसीयूतून बाहेर पडण्याइतके लवकर सावरले. हा अभ्यास खास एक्मोचा नव्हता, पण "जास्त भरवलं म्हणजे जास्त काळजी घेतली" हे समीकरण त्याने हलवलं.

मग अन्न म्हणजे फक्त डोस का? तसं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: डोस बंदही करता येतो का?

इथे अरुणा शानबाग आठवतात. १९७३ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या नर्सवर हल्ला झाला. पुढे २०१५ पर्यंत, मृत्यू येईपर्यंत, तिथल्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं, मऊ केलेलं अन्न भरवलं. ते थांबवावं, ही पिंकी विराणींची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली. भरवणाऱ्या नर्सेसचं म्हणणं न्यायालयाने महत्त्वाचं मानलं. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाटही उघडली.

मला वाटतं, आपण दोन प्रश्न एकात कालवतो. "किती?" याचं उत्तर आतडी, औषधं आणि डॉक्टर देतात. तिथे आपली माया मध्ये आणू नये. "द्यायचं की थांबवायचं?" याचं उत्तर मात्र कॅलरीत मिळत नाही. त्यासाठी त्या माणसाची इच्छा माहीत हवी, आणि ती शुद्धीत असतानाच विचारायला हवी. जेवताना आपण मीठ कमी आहे का विचारतो. हेही कधीतरी तिथेच विचारता येईल.