चुकणें आणि न वळणें

मनुष्याच्या हातून घडलेली चूक आणि चूक दिसल्यावरही मागें न वळणें, हे दोन दोष आपण बहुधा एकाच मापानें मोजितों. ते एक आहेत काय? अमेरिकेंतील एका अपघातावरून आम्ही या प्रश्नाचा विचार करूं.

ता. २२ मार्च २००९ रोजीं कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवाहून एक लहान, एका इंजिनाचें विमान माँटाना प्रांतांतील बोझमन शहराकडे निघालें. वैमानिक धरून त्यांत १४ माणसें होतीं. पैकीं ७ मुलें. बर्फावरील खेळांसाठीं तीं कुटुंबें चाललीं होतीं. विमानाच्या इंधनांत थोडेंसें पाणी असतेंच. उंचावरील कडक थंडींत त्याचे बर्फकण होऊन इंधनाची वाट अडते. म्हणून शून्य अंशाखालच्या हवेंत जावयाचें असल्यास इंधनांत एक द्रव्य मिसळावें, असा त्या विमानाचा नियम आहे. त्या दिवशीं तें मिसळलेलें नव्हतें.

डाव्या पंखांतील इंधन इंजिनास मिळेना. उजवा पंख हलका होत गेला, डावा जड राहिला. हा फरक वैमानिकापुढील यंत्रावर दिसत होता, आणि तो मर्यादेपलीकडे गेल्यास लवकर उतरावें असाही नियम होता. वाटेंत उतरण्याजोगे विमानतळ होते. तरी प्रवास चालूच राहिला. अखेर विमान ब्यूट गांवाकडे वळलें, परंतु उतरण्याच्या वेळीं तोल जाऊन धावपट्टीजवळच्या कबरस्थानांत कोसळलें. कोणीही वांचलें नाहीं. २०११ सालीं सरकारी चौकशी मंडळानें द्रव्य न मिसळणें व वेळीं न उतरणें, हीं दोन्ही कारणांत नमूद केलीं.

मृतास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्या मनांत काय होतें हें आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु पहिली चूक झाली तेव्हां मरण ठरलेलें नव्हतें. चूक आणि शेवट यांमध्यें बराच अवधि होता, व त्या अवधींत इशाराही होता. 'नशिबांत होतें' असें म्हटलें म्हणजे तो अवधि पुसला जातो आणि मागच्यांस शिकण्याजोगें कांहीं उरत नाहीं.

म्हणून आमचें मत असें कीं, चूक कोणाच्याही हातून होते, तीस क्षमा आहे; पण इशारा दिसूनही तीच वाट धरणें हा अधिक मोठा दोष होय. एकट्याच्या जिवावर बेतेल तर ती गोष्ट निराळी. ज्याच्या गाडींत दुसऱ्यांचीं मुलें बसलीं आहेत, त्यास मागें वळण्याची लाज वाटतां कामा नये.