दात्याचे नाव

जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत जे दाते स्वतःस यवन म्हणवितात, त्यांपैकी इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली आणि चिटाने भिक्षुसंघाला भोजनमंडप अर्पण केला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या परवंशीय मनुष्यांना संघाने नुसता आसरा दिला असता, तर ती करुणा ठरली असती. परंतु त्यांचे दान स्वीकारून त्यांचे नाव यवन या ओळखीसह कातळावर कोरू दिले, यात मला समतेचे अधिक खोल तत्त्व दिसते. त्याच डोंगरांत धर्मदायाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे विश्वासाने सोपविल्याचाही लेख आहे.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी घरात जन्मून पुण्यात पदव्युत्तर अध्ययन करीत असता, घेणाऱ्याला दाता म्हणून नाव केव्हा मिळते, हा प्रश्न मला सोडीत नाही. राज्यघटनेने वंश आणि जात यांवरून होणारा भेद निषिद्ध ठरविला, 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने अनुच्छेद 15 ला चौथे उपकलम जोडून मागासवर्गीयांसाठी विशेष तरतुदींचा मार्ग मोकळा केला, आणि त्या आधारावर आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह यांची जी तजवीज झाली, तिच्यावाचून मी येथवर आलेच नसते. 1946 साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, तेव्हा भेदाचे हे दुःख एकाच देशाचे नव्हे.

तथापि दाखला, पडताळणी, मंजुरी या सर्व दफ्तरी वाटचालीत मी सदैव घेणारीच राहते. देण्यासारखे आमच्याजवळ काही नाही, असे मात्र नाही. माझी आई उन्हाळ्यात बाळहिरडा वेचते. आठळी टणक होण्यापूर्वीच फळ उतरावे लागते. हिरवे फळ बोटांत दाबताच तिला ते कळते, आणि अंगणात वाळून ते काळे, सुरकुतलेले झाले की प्रत पाहून त्याचा दर ठरतो. हे ज्ञान ग्रंथात येते तेव्हा त्याखाली ‘स्थानिक स्त्रियांकडून मिळालेली माहिती’ एवढीच नोंद असते. आमच्याच पट्ट्यातील आहुपे गावच्या देवराईचेही तेच: जेथे देवाच्या धाकाने आणि प्रेमाने पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड चालली नाही, तेथील भक्ताची श्रद्धा अभ्यासाचा विषय होते, तो भक्त मात्र अभ्यासक ठरत नाही.

सत्याला गोत्र नसते, म्हणून ज्ञात्याचे कुळ पाहू नये, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो मी हलका मानीत नाही. सत्याला गोत्र नसेल; पण कोणता प्रश्न विचारायचा आणि कोणाचे उत्तर प्रमाण मानायचे, हे ठरविणाऱ्या माणसांना ते असते, आणि ती माणसे आजवर बहुधा एकाच बाजूला बसत आली आहेत.

प्रवेशाची तरतूद अबाधित राहावी, हे तर झालेच. पण यापुढे देवराईवर प्रबंध लिहिला जाईल, तेव्हा आहुप्याच्या जाणत्या माणसास परीक्षकांच्या रांगेत बसवावे आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर घालावे, अशी विद्यापीठांतील गुरुजनांना माझी विनंती आहे.