गावाची आठवण : वेदना की तृष्णा?

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. मुंबईतील एका विहारात रविवारच्या वंदनेनंतर धम्मचर्चा चालू होती. विषय चार आर्यसत्यांचा होता. चर्चा संपत आली तेव्हा मागच्या रांगेतील एक वृद्ध उपासक उठून उभे राहिले. वय ऐंशीच्या घरात. १९६२ साली ते रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातून मुंबईस आले, गिरणीत लागले, आणि १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती कायमचीच. ते म्हणाले, "एक विचारू का? मला हल्ली गावाची फार आठवण येते. पाऊस लागला की जीव तिकडे ओढतो. रात्री झोप लागत नाही. आपल्या धम्मात हे चुकीचं आहे का?"

कोणी उत्तर देण्याच्या आतच एक तरुण उठला. "काका, कसली आठवण? ज्या गावाने तुम्हाला विहिरीला शिवू दिलं नाही त्या गावाची? बाबासाहेबांनी खेडी सोडायला सांगितली ती कशासाठी?" काका काही बोलले नाहीत. चोरी करताना सापडलेल्या माणसासारखे ते मान खाली घालून बसले.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. परंतु हा प्रश्न एकट्या काकांचा नाही. गाव सोडून शहरात आलेल्या आपल्या हजारो माणसांच्या मनात तो आहे आणि लाजेखातर कोणी तो बोलून दाखवीत नाही. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की त्या तरुणाचे म्हणणे खोटे नव्हते. १९३१ च्या ऑगस्टमध्ये मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा, आपल्याला मायभूमीच नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर सांगितले. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, खेडे हे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर आहे, या अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ज्यांनी खेडे दिवाणखान्यात बसून पाहिले ते त्याचे गोडवे गात होते. बाबासाहेबांनी ते वेशीबाहेरून पाहिले होते. वेशीबाहेरून जे दिसते तेच गावाचे खरे रूप असते.

मग काकांना आठवण येते ती कशाची? पुढच्या रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो आणि विचारले, "काका, नेमकं काय आठवतं?" ते सांगू लागले. पहिल्या पावसात जांभ्याच्या कातळावरून वाहणारे तांबडे पाणी. चुलीवरची नाचणीची भाकरी आणि भाजलेल्या सुकटाचा वास. फणसाच्या आठळ्या. आईबरोबर लावणीला गेल्यावर पायाला लागणारा गार चिखल. आणि वाडीच्या खालच्या अंगाचा पऱ्या, जेथे पोरे दिवसभर डुंबत.

या यादीत देऊळ नव्हते. खोताची पडवी नव्हती. चावडी नव्हती. मी विचारले, "पऱ्या तर गावावरूनच येत होता. मग तुम्ही खालच्या अंगालाच का डुंबत होता?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वरच्या अंगाला आम्हाला बंदी होती. साऱ्या गावाची धुणी-भांडी होऊन पाणी आमच्याकडे यायचं." आणि जरा थांबून, "पण पाणी गार होतं हो."

या एवढ्याशा बोलण्यात सारा प्रश्न आला आहे. पाणी गार होते हे खरे, आणि ते उष्टे करून आपल्याकडे सोडले जात होते हेही खरे. त्या तरुणाला दुसरे सत्य ठाऊक होते म्हणून त्याने पहिले नाकारले. म्हातारपणी मन हळवे झाले की पुष्कळांना पहिलेच तेवढे आठवते आणि दुसरे पुसले जाते. दोघांकडेही सत्य अर्धेच राहते.

आता धम्माच्या दृष्टीने पाहू. प्रतीत्यसमुत्पादात स्पर्शापासून वेदना आणि वेदनेपासून तृष्णा उत्पन्न होते, असे भगवंतांनी सांगितले. येथे वेदना म्हणजे केवळ दुखणे असा अर्थ नाही. सुखद, दुःखद किंवा दोन्हीही नसलेली अशी जी जाणीव होते ती वेदना. पहिल्या पावसाचा वास नाकाशी आला आणि काकांच्या मनात गाव उभे राहिले, ही वेदना झाली. ती पाप नाही. तिच्याबद्दल लाज वाटण्याचे कारण नाही. ती येते, राहते आणि जाते. तिला येते तशी पाहावी, एवढेच सांगितले आहे.

धोका त्यापुढच्या पायरीवर आहे. "ते दिवस किती चांगले होते" असे मन म्हणू लागले की तृष्णा सुरू झाली. मग वरच्या अंगाची बंदी विसरली जाते, येसकराची काठी आणि मागून आणलेले शिळे अन्न विसरले जाते, आणि जे कधी नव्हतेच असे एक गाव मनात तयार होते. या ओढीचे परिणाम आपण पाहतोच. शिमगा आला की चाकरमानी गावाकडे धावतात. त्यांत आपलेही काही बांधव असतात. पालखी येते, ढोल वाजतात, आणि ज्याने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, तो मनुष्य बापजाद्यांना नेमून दिलेल्या जागी पालखीपासून अंतर राखून हात जोडून उभा राहतो. विचारले तर म्हणतो, "देवाचं काही नाही हो, गावाची ओढ आहे." गावाच्या ओढीने त्याला कोणत्या जागी नेऊन उभे केले, हे त्याने डोळे उघडून पाहावे.

दुसरे टोकही तितकेच वाईट आहे. शहरात नवी ओळख झाली की प्रश्न येतो, "गाव कुठलं?" तालुका सांगितला की पुढचा प्रश्न, "गावात कुठे? वाडी कोणती?" हा प्रश्न कशासाठी असतो हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. जात विचारण्याचा तो सभ्य मार्ग आहे. म्हणून आपल्यातील कित्येक शिकलेले लोक "आम्ही मुंबईचेच" असे सांगून मोकळे होतात. बोलीतला हेल घालवतात. मुलांना आजीच्या भाषेतले शब्द कळू देत नाहीत. बाबासाहेबांनी खेडे सोडावयास सांगितले ते माणूस निर्भय व्हावा म्हणून. गावाचे नाव सांगावयास जो भितो त्याने गाव सोडले असे कसे म्हणावे? त्याने गावाची भीती बरोबर आणली आहे.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे. कोकणातल्या डोंगरउतारावर भातखाचरांचे बांध घालावयास दगड कोणी वाहिले? मेलेली ढोरे ओढणारे, रानात लाकडे तोडणारे, सारा आणि सांगावा पोहोचवणारे कोण होते? सातबाऱ्यावर नावे दुसऱ्यांची असली तरी त्या मातीत आपल्या पिढ्यांचा घाम जिरला आहे. सवर्णांनी विहीर आपली म्हटली, देऊळ आपले म्हटले, रस्ता आपला म्हटला. आता पाऊस, कातळ आणि पऱ्या यांची आठवणही त्यांनाच देऊन टाकावयाची काय? गाव फक्त त्यांचेच होते, हा त्यांचा दावा आपण आपल्या तोंडाने मान्य करावा काय?

भगवान बुद्धांचे आपल्या जन्मभूमीशी नाते कसे होते, हे या ठिकाणी आठवण्यासारखे आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला तंटा हे दिले आहे. सिद्धार्थ गौतमाने युद्धास विरोध केला, संघाचे बहुमत त्याच्या विरुद्ध गेले, आणि त्याने देश सोडला. म्हणजे त्याचे जाणेही सुखाचे नव्हते. तत्त्वासाठी स्वीकारलेला तो देशत्याग होता.

पुढे बुद्धत्वप्राप्तीनंतर तथागत कपिलवस्तूस परत आले. त्याच नगरीच्या रस्त्यावर ते भिक्षापात्र घेऊन घरोघर फिरू लागले. शुद्धोदनास ते लाजिरवाणे वाटले. आपल्या कुळात असे कोणी केले नाही, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी, तो वंश तुमचा, आपला वंश बुद्धांचा, असे उत्तर दिले. ते गावी परतले, पण गावाने नेमून दिलेल्या जागी बसले नाहीत.

आणि अट्ठकथेत विडूडभाची कथा आहे. कोसलराजा प्रसेनजिताने शाक्यांकडे मुलगी मागितली. कुळाच्या अभिमानाने शाक्यांनी महानामाची दासीपासून झालेली मुलगी राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ. तो मोठा होऊन आजोळी आला व परत निघाला तेव्हा, तो ज्या आसनावर बसला होता ते आसन दासीपुत्र बसला म्हणून शाक्यांनी दूध-पाण्याने धुवविले. हे त्याच्या कानावर गेले. गादीवर येताच तो सैन्य घेऊन शाक्यांवर निघाला. तेव्हा भगवंत कपिलवस्तूच्या सीमेवर एका विरळ पानांच्या झाडाखाली जाऊन बसले. पलीकडे विडूडभाच्या हद्दीत दाट सावलीचा वड होता. "भन्ते, या उन्हात येथे का?" असे त्याने विचारले. आप्तांची सावली गार असते, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. विडूडभ माघारी फिरला. असे तीन वेळा झाले. चौथ्या वेळी भगवंत गेले नाहीत, आणि शाक्यांचा संहार झाला.

अट्ठकथाकार त्याचे कारण शाक्यांच्या मागील जन्मीच्या कर्मात शोधतात. आपणास तिकडे जाण्याचे कारण नाही. कारण कथेतच दिले आहे आणि ते म्हणजे धुतलेले आसन. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घालून तळे 'शुद्ध' केले. कपिलवस्तूचे आसन आणि महाडचे तळे यांत अंतर किती आहे?

या कथेत आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे मला वाटते. ज्याने सर्व तृष्णांचा क्षय केला त्यालाही आपल्या भूमीची सावली गार वाटली आणि ते सांगावयास त्याला लाज वाटली नाही. ती सावली विरळ होती हेही त्याने लपविले नाही. तिच्याखाली तो बसला तो तेथील माणसे वाचावीत म्हणून. दूध-पाण्याने आसन धुणाऱ्यांचा अभिमान योग्य होता असे मात्र तो एकदाही म्हणाला नाही.

तेव्हा गावाची आठवण आली तर ती येऊ द्यावी. ती सबंध आठवावी, गार पाणीही आणि वरच्या अंगाची बंदीही. मुलांना दोन्ही सांगावे. आणि गावी जावयाचे तर कशासाठी जावयाचे ते ठरवून जावे. पूर्वीचे महारवाडे आज बौद्धवाड्या म्हणून ओळखले जातात. त्यांतली अनेक घरे कुलूपबंद आहेत आणि उरल्यासुरल्या घरांत म्हातारी माणसे एकटी आहेत. कोठे वाडीला नळ नाही, कोठे स्मशानाची वाट अडवलेली आहे, कोठे इनामाच्या जमिनीचे कागद धूळ खात आहेत. ज्याला गावाची ओढ आहे त्याने त्या ओढीला हे काम द्यावे. पालखीपुढे उभे राहण्यात जे दोन दिवस जातात ते सातबारा काढण्यात, मुलांना पुस्तके नेऊन देण्यात, म्हाताऱ्यांजवळ बसण्यात घालवावेत. असे केल्याने आठवण थांबेल असे नाही. पण ती माणसाला मागे ओढणार नाही.

त्या तरुणाशीही मी बोललो. तो बीडीडी चाळीत जन्मला आणि वाढला. त्या चाळी पाडून आता तेथे टॉवर उभे राहात आहेत. तो म्हणाला, "मला आठवण यायला गावच नाही." मी म्हटले, "तुझी चाळ पडेल तेव्हा बघ." तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आमच्या गॅलरीत सकाळचं ऊन यायचं." चाळीतील दहा बाय बाराची खोली, सामाईक संडास आणि पाण्याची रांग त्यालाही ठाऊक होती. तरी ऊन त्याला आठवले.

काका दिवाळीनंतर गावी जाऊन आले. पऱ्याला पाणी थोडेच होते. ते वरच्या अंगाला गेले, पाण्यात पाय सोडून बसले. "कोणी काही बोललं का?" मी विचारले. "कोणी नाही. गुरं राखणारं एक पोरगं बघत होतं." मग ते खाली वाडीत आले आणि चार दिवस राहिले. नळाच्या अर्जावर त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. तो अर्ज घेऊन पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा जावयाचे आहे, आणि या वेळी तो तरुण त्यांच्याबरोबर जाणार आहे.