लाइन

‘लाइन आली का?’ यवतमाळकडच्या खेड्यात रात्री अकराला कुणी असं विचारलं, तर तो विजेबद्दल बोलतोय हे सांगावं लागत नाही. हरभऱ्याच्या ओलितासाठी माणूस जागा असतो. सकाळी कापूस खरेदी केंद्रापुढच्या गाड्यांचीही लाइन लागते, पोलिसांच्या वसाहतीलाही लाइनच म्हणतात. आणि पोराला नोकरी मिळाली की आई समाधानाने सांगते, ‘लाइनीला लागला एकदाचा.’

ओळ, रांग, रेघ, तार असे नेमके शब्द हाताशी असताना हा एवढासा इंग्रजी शब्द इतका का पसरला? मराठी तोकडी पडली, हे उत्तर मला मान्य नाही. शेतात जाऊन बघा. पऱ्हाटीच्या ओळीला तिथे आजही तास म्हणतात, निंदणाऱ्या बाईच्या वाट्याची पट्टी ती पात. जे काम आपल्या हातचं, त्याचे शब्द आपले राहिले. लाइन आली ती बाहेरून टाकलेल्या गोष्टींबरोबर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथला कापूस बाहेर नेण्यासाठी यवतमाळ ते मूर्तिजापूर असे सुमारे 113 किलोमीटर अरुंद रूळ पडले. त्यावरच्या गाडीला लोकांनी लाडाने शकुंतला म्हटलं, रूळ मात्र लाइनच राहिले. मग विजेची तार आली. या गोष्टींचं येणं-जाणं गावाच्या हातात नव्हतं, म्हणूनच ‘आली’ आणि ‘गेली’ ही क्रियापदं या शब्दाला चिकटली असावीत.

गंमत म्हणजे शब्दाचं मूळ शेतातच आहे. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. त्याच्या खोडाच्या धाग्याची दोरी ती लिनेआ, आणि ताणलेल्या दोरीवरून पुढे सरळ रेघ. जवसाची चटणी खाणाऱ्या विदर्भात तो परका राहिलाही नाही. मराठीने त्याला स्त्रीलिंगी केलं, ‘लाइनीत’, ‘लाइनीवर’ असे प्रत्यय लावले. ‘लाइनीला लागणे’ हा अर्थ तर इथल्याच आयांच्या काळजीतून घडला, असं मला वाटतं.

सरकारी कागदावर मात्र विजेच्या लाइनीचं नाव वेगळं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये सुरू झालेली योजना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना म्हणवते. वाहिनी शब्द सुरेख आहे. पण रानडुक्कर, साप-विंचवाच्या भीतीत अंधारात बारे देणाऱ्याला नावाशी कर्तव्य नाही. त्याला लाइन दिवसा हवी आहे, आणि ती प्रत्येक शिवारात मिळायलाच हवी.