मोहोरबंद लखोटा

सटाण्याला देवमामलेदारांचे मंदिर आहे. यशवंत महादेव भोसेकर हे येथील मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उपाशी रयतेसाठी मोकळा केला, ही हकीकत बागलाणात लहान मुलांनाही ठाऊक असते. कुलूप कोणापासून राखण करण्यासाठी आहे आणि ते आता कोणाच्या आड येत आहे, हा प्रश्न त्या सज्जनाला पडला असावा. न्यायालयात मोहोर लावून दिलेल्या गोपनीय कागदांविषयी मला हाच प्रश्न पडतो.

समजा, बागलाणातील एखादी विवाहिता सटाण्याच्या न्यायालयात पोटगीचा अर्ज करते. पोटगीच्या दाव्यात पतिपत्नी दोघांनीही आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर मांडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले आहे. तेव्हा बँकेचे कागद आले, प्रसंगी आजारपणाचेही आले. बाजारात कांद्याच्या भावाबरोबर त्यांचीही चर्चा व्हावी काय? कायद्यालाही ही लाज कळते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बंद दाराआड सुनावणी होऊ शकते. आपल्या ख्रिस्ती दांपत्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यातही ती मुभा आहेच.

दार बंद झाले तरी पती आत असतो, त्याचा वकील आत असतो. सारे मर्म येथेच आहे. १९६४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. तारकुंडे यांच्यापुढे ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकांविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा चालू होता. आपली साक्ष छापून आल्यास धंद्याचे नुकसान होईल, अशी एका साक्षीदाराने विनवणी केली. न्यायमूर्तींनी ती प्रसिद्ध करण्यास मनाई केली. वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर दिल्लीपर्यंत गेले, परंतु १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश उचलून धरला. विरोधी मत दिले एकट्या हिदायतुल्लांनी. मला स्वतःला त्यांचे म्हणणे अधिक पटते. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की वादी-प्रतिवादींपासून त्या साक्षीतले काहीही लपले नव्हते. वंचित राहिला तो वाचक.

‘मीडिया वन’ या मल्याळम वृत्तवाहिनीचे तसे झाले नाही. जानेवारी २०२२ मध्ये तिला परवान्याचे नूतनीकरण नाकारले गेले. कारण राष्ट्रीय सुरक्षा, तपशील लखोट्यात. केरळ उच्च न्यायालयाने लखोटा वाचून सरकारची बाजू ग्राह्य धरली. म्हणजे कागद सरकारने लिहिला, न्यायाधीशांनी वाचला. ज्याची रोजीरोटी त्या कागदावर अवलंबून होती, त्यालाच तेवढा तो दिसला नाही. न दिसलेल्या आरोपाला माणूस उत्तर तरी काय देणार? ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि या पद्धतीवर कठोर ताशेरे ओढले. योहानच्या शुभवर्तमानात निकदेमाने परुश्यांना जे सुनावले, त्याची येथे आठवण होते.

आपल्या ख्रिस्तसभेची न्यायपीठेही या पेचातून सुटलेली नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेचे १५९८ वे कलम पक्षकारांना कागद पाहू देण्याची सक्ती करते. न दाखवल्यास निवाडाच धोक्यात येतो. मात्र सार्वजनिक हिताच्या प्रकरणात अतिगंभीर धोका टाळण्यासाठी एखादा कागद कोणालाही दाखवू नये, असे न्यायाधीश ठरवू शकतो, बचावाचा हक्क अबाधित ठेवून! ते कसे साधायचे, हे त्या कलमाने न्यायाधीशाच्या सद्सद्विवेकावर सोडले आहे.

येथवर माझा नियम सरळ होता: जगापासून लपवावे, ज्याचा न्याय होतो आहे त्याच्यापासून लपवू नये. परंतु मुलाचा ताबा कोणाकडे द्यावा, हा वाद आला की तो डळमळतो. १८९० च्या पालकत्व कायद्यानुसार समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकते. न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावतात, आईबाप बाहेर थांबतात. आत ते पोर जे बोलेल, त्यावर बापाचा हक्क जाऊ शकतो. निकदेमाच्या न्यायाने बापाला प्रत्येक शब्द कळला पाहिजे. पण ते मूल त्या संध्याकाळी त्यांच्यापैकीच एकाचा हात धरून घरी जाणार असते. अशा वेळी न्यायाधीशाने मुलाचे शब्द जसेच्या तसे न देता त्यांचा आशय तेवढा बापाला सांगावा आणि त्यावर त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे मला वाटते. बापाला ते अपुरे वाटेल, आणि त्याचे चुकले असे मी म्हणू शकणार नाही.