धुण्याचं गाठोडं कुणाच्या काखेत?



आजचं चिंतन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या 21 आणि 22 या श्लोकांवर. श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसेच बाकीचे वागतात. आणि लगेच भगवंत स्वतःचं उदाहरण देतात: तिन्ही लोकांत मला करायलाच हवं असं काही नाही, मिळवायचंही काही उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच.

हे श्लोक आपण कुरुक्षेत्रावर सोडून येतो. आज ते घरातल्या बाल्कनीत घेऊन जाऊ.

"धुणं काय, मशीन करतं!" असं आपण सहज म्हणतो. पण मशीन फक्त धुतं. रंग जाणारे कपडे वेगळे काढणं, खिसे तपासणं, वाळत घालणं, पावसाचा थेंब पडला की धावत जाऊन काढणं, घड्या घालणं, ज्याचं त्याच्या कपाटात ठेवणं... आणि सगळ्यांत जड काम म्हणजे उद्या पीटीचा युनिफॉर्म लागणार, हे आज लक्षात ठेवणं. बहुतेक घरांत हे सगळं आई किंवा बायको एकटी करते. बाकीचे "मदत" करतात, तीही सांगितल्यावर. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर तिकीट आपल्या नावावर पडल्याशिवाय आपण हलत नाही. आणि ते तिकीट बनवण्याचं कामही तिचंच!

आता जनाबाईंकडे बघा. नामदेवांच्या घरच्या दासी. कामाला अंत नाही. त्यांच्या अभंगांत जनी झाडते आणि केर भरून लांब टाकून येतो तो चक्रपाणी. जनी धुणं काखेत घेऊन निघते, तर विठ्ठल मागे धावतो. वर तिलाच विचारतो, मला का मागे ठेवलंस? त्याला कुणी बोलावलेलं नाही. प्रेम आहे म्हणून काम दिसतं, आणि दिसलं म्हणून तो हात लावतो. देवाला केर उचलताना कमीपणा वाटत नाही, मग आपल्याला बादली उचलताना का वाटावा?

म्हणून या आठवड्यात एवढंच करून बघा. "काही करू का?" असं विचारू नका. एक काम पूर्ण आपल्याकडे घ्या, आठवण ठेवण्यासकट. एकाने वाळत घालायचं, दुसऱ्याने काढायचं. आजोबा बसल्या बसल्या घड्या घालतील, पाच वर्षांचं पिल्लू मोज्यांच्या जोड्या लावेल. मुलांना भाषण नको. बाबा चिमटे लावताना दिसले की 21वा श्लोक त्यांना आपोआप कळतो.

आणि ज्या माउलीने आजवर सगळं एकटीने केलं, तिला एक विनंती. घडी वाकडी आली तरी उलगडून पुन्हा घालू नका. वाकडी घडी चालते. एकटीने उचललेलं गाठोडं मात्र जड होत जातं.

राम कृष्ण हरी!