न झालेल्या लढती

ऐन भरातला माइक टायसन आणि ऐन भरातला मोहम्मद अली एकाच रिंगमध्ये उतरले असते तर कोण जिंकलं असतं? आमच्या फ्लॅटवर हा वाद तीन वर्षं चालू आहे. एक रूममेट टायसनवाला. त्याच्या मते पहिल्या तीन राउंडमध्ये खेळ खल्लास. दुसरा अलीवाला. तो म्हणतो, टायसन सहाव्या राउंडपर्यंत दमेल आणि पुढचं काम अली नुसता बोलून बोलून करेल. दोघंही दर वेळी त्याच क्लिप्स दाखवतात. शेवटी मागच्या पावसाळ्यात वैतागून मी पायथॉनमध्ये एक सिम्युलेशन लिहिलं. प्रत्येक बॉक्सरला वजन, उंची, हातांची लांबी, वेग, ठोशाची ताकद, मार खायची क्षमता असे आकडे दिले आणि प्रत्येक लढत दहा हजार वेळा चालवली. वाटलं, आता तरी शनिवारी शांतपणे जेवता येईल.

पण आकडे भरतानाच अडलं. अली म्हणजे कुठला अली? १९६६ चा, ज्याला ठोसा लागणंच मुश्कील होतं, की १९७४ चा, जो दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचा मार अंगावर घेत राहिला आणि आठव्या राउंडला त्यालाच आडवा केला? लढत किती राउंडची, तेव्हासारखी १५ की आतासारखी १२? रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ मध्ये निवृत्त झाला. त्याचं वजन ८५ किलोच्या आसपास असायचं. आज ९०.७ किलोपर्यंतचे बॉक्सर क्रूझरवेटमध्ये धरतात, म्हणजे हा माणूस आजच्या हिशेबाने हेवीवेटच नाही. टायसन फ्युरी २०२० मध्ये डिऑन्टे वाइल्डरशी लढला तेव्हा जवळपास १२४ किलोचा होता. अलीवाला म्हणाला, मग मार्सियानोलाही आजचा आहार दे, आजची जिम दे. दिली. वीस किलो चढवले. पण मग सतत पुढे घुसत राहणारा, न दमणारा तो मार्सियानो उरला का? मी नवाच कोणीतरी तयार केला होता आणि त्याला जुनं नाव दिलं होतं.

दुसरी अडचण आमच्या धंद्यातली. यादी क्रमाने लावायची तर एक अट लागते: अ हा ब पेक्षा वरचढ आणि ब हा क पेक्षा, तर अ हा क पेक्षा वरचढ असलाच पाहिजे. बॉक्सिंग ही अट पाळत नाही. १९७१ मध्ये जो फ्रेझरने अलीला हरवलं. १९७३ मध्ये फोरमनने फ्रेझरला दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं. १९७४ मध्ये अलीने फोरमनला हरवलं. गोल पूर्ण. टायसनवाल्याचा आवडता पूल म्हणजे लॅरी होम्स. होम्सने १९८० मध्ये अलीला हरवलं आणि टायसनने १९८८ मध्ये होम्सला, झालं की सिद्ध! पण तो अली ३८ वर्षांचा होता आणि तो होम्सही ३८ वर्षांचा. यातून सिद्ध इतकंच होतं की ३८ हे वय वाईट.

इथपर्यंत सगळी मजा होती. मग मला कळलं की माझ्या आधी हे कोणीतरी करून बसलंय. १९६७ मध्ये मरे वोरोनर नावाच्या अमेरिकन निर्मात्याने सर्व काळांतल्या हेवीवेट विजेत्यांची एक स्पर्धा कॉम्प्युटरवर घेतली आणि त्या लढतींचं धावतं वर्णन रेडिओवर ऐकवलं. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं. अली त्याच्या आधीच बाहेर पडला होता, जिम जेफ्रिसकडून हरून.

तेव्हाचा अली एकही लढत हरलेला नव्हता. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्याने त्याचा किताब आणि लढण्याचा परवाना दोन्ही गेले. खऱ्या रिंगमध्ये त्याला कोणी उतरू देईना आणि खोट्या रिंगमध्ये तो हरला होता. त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड अशी निघाली की त्याने मार्सियानोबरोबर कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत करायची आणि निकाल कॉम्प्युटर देणार. १९६९ मध्ये दोघांनी वेगवेगळे शेवट चित्रित करून दिले. मार्सियानो वजन उतरवून, डोक्यावर विग घालून आला होता. चित्रीकरणानंतर काही आठवड्यांत, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी पाहिलं ते असं: तेराव्या राउंडला अली आडवा.

मला मार्सियानोपेक्षा जेफ्रिस जास्त खुपला. हा १८९९ ते १९०५ विजेता होता आणि किताब हातात असेपर्यंत त्याने एकाही काळ्या बॉक्सरला किताबाची संधी दिली नाही. न हरता निवृत्त झाला. १९१० मध्ये गोऱ्यांची अब्रू राखायला म्हणून त्याला परत आणलं, तेव्हा रीनोमध्ये पहिल्या काळ्या विजेत्याने, जॅक जॉन्सनने, त्याला पंधराव्या राउंडमध्ये संपवलं. आता मशीनच्या बाजूने विचार करा. तिच्याकडे जेफ्रिसचा स्वच्छ रेकॉर्ड येतो. नाकारलेल्या लढतींचा कॉलमच नाही. ज्यांना टाळलं त्यांच्याविरुद्ध तो हरत नाही, आणि ते न हरणं गुण म्हणून धरलं जातं.

वोरोनरला नावं ठेवण्याआधी मी माझा कोड उघडला. पहिल्याच फंक्शनमध्ये एक फिल्टर होता: फक्त हेवीवेट किताब जिंकलेले बॉक्सर. मीच लिहिलेला, अर्ध्या मिनिटात, काहीही विचार न करता. त्या ओळीने पीटर जॅक्सन गेला, ज्याच्याशी लढायला जॉन एल. सलिव्हनने नकार दिला. हॅरी विल्स गेला, ज्याची डेम्प्सीशी लढत कितीदा ठरली तरी झालीच नाही. आणि सॅम लँगफर्ड गेला.

लँगफर्ड नोव्हा स्कोशियाचा. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, आणि तरी मोठमोठ्या हेवीवेटना झोपवायचा. १९०६ मध्ये जॉन्सनशी १५ राउंड लढून तो हरला. पण दोन वर्षांनी जॉन्सन विजेता झाला आणि त्यानेही लँगफर्डला पुन्हा संधी दिली नाही. इथे माझी गोष्ट जरा विस्कटते, कारण दार बंद करणारा या वेळी गोरा नव्हता. दोन काळ्या बॉक्सरांच्या लढतीला गोऱ्या प्रतिस्पर्ध्याइतका पैसा नव्हता, हा त्यामागचा हिशेब. मग लँगफर्ड ज्यांना मिळेल त्यांच्याशी लढत राहिला, म्हणजे त्याच्यासारख्याच बाहेर ठेवलेल्यांशी. एकट्या विल्सशी डझनापेक्षा जास्त वेळा. एका डोळ्याने दिसेनासं झालं तरी लढला. १९४४ मध्ये एका पत्रकाराला तो हार्लेममध्ये सापडला, आंधळा आणि कफल्लक.

टायसन आणि अली समोरासमोर आले नाहीत याला कोणी जबाबदार नाही. एक आधी जन्मला, एक नंतर. डेम्प्सी आणि विल्स मात्र एकाच देशात, एकाच वेळी, तयार बसले होते. तिथे काही माणसांनी 'नाही' म्हटलं. आपण सगळी कल्पनाशक्ती पहिल्या प्रकारच्या लढतींवर खर्च करतो. मला वाटतं, त्या सोप्या आहेत म्हणूनच. तिथे काळाला दोष दिला की भागतं.

टायसनवाला यावर वैतागला. "अरे, टाइमपास चाललाय. त्यात तू कोर्ट कशाला भरवतोस?" त्याचं अगदीच चूक नाही. जेफ्रिस खरोखरच दणकट होता, कदाचित त्याने त्या सगळ्यांना हरवलंही असतं. आणि दर शनिवारी इतिहासाचा तास घेणारा रूममेट मलाही नको असता.

तरी फिल्टर मी काढलाय. लँगफर्डची ओळ भरायला बसलो, तर त्याच्या रेकॉर्डमधल्या कितीतरी हारी डोळा गेल्यानंतरच्या. त्या धरल्या तर तो मधल्या फळीतला बॉक्सर दिसतो. वगळल्या तर मी माझ्या मनातला लँगफर्ड बनवतोय, वीस किलो चढवलेल्या मार्सियानोसारखाच. 'मार खायची क्षमता' या खान्यात काय लिहू, हे मी अलीवाल्याला विचारलं. तो बराच वेळ त्या स्प्रेडशीटकडे बघत बसला. मग म्हणाला, "आज राहू दे. टायसन-अली लाव."